शेवटच्या नळाची नोंद

स्मरणिकेत सहसा आठवणी असतात. संस्थेचे आरंभीचे दिवस, पत्र्याच्या छपराखालचे वर्ग, सायंकाळची वंदना, भिंतीवरचे बाबासाहेबांचे छायाचित्र यांविषयी इतर लेखकांनी या अंकात लिहिलेच असेल. आम्ही मात्र पाण्याच्या मीटरविषयी लिहिणार आहोत. विषय रुक्ष वाटेल याची आम्हाला कल्पना आहे. तथापि, ज्यांनी या वसतिगृहाच्या आवारात पहाटे अंधारात बादली घेऊन रांग लावली आहे, त्यांना पाणी हा आठवणीचाच विषय वाटेल, अशी आमची खात्री आहे.

गेल्या काही वर्षांत घरगुती पाण्याच्या क्षेत्रात पुष्कळ नवी साधने आली. टाकी भरली की मोटर आपोआप बंद करणारा स्विच आला. टाकीतील पातळी मोबाइलवर दाखवणारा सेन्सर आला. ध्वनिलहरींनी प्रवाह मोजणारा आणि दूरूनच वाचता येणारा मीटर आला. या साधनांविषयी बोलताना ‘पाणी वाचवा’ एवढाच उपदेश केला जातो. तो चुकीचा नाही, परंतु अपुरा आहे. आमच्या मते या साधनांचे खरे मोल ती जी नोंद ठेवतात तिच्यात आहे. आणि ही नोंद सर्वप्रथम जलवाहिनीच्या शेवटच्या नळावर झाली पाहिजे. जिथे पाणी पुरेसे येते तिथे मीटर बचत शिकवतो. जिथे ते येत नाही तिथे तोच मीटर हक्काचा पुरावा ठरतो. हे दुसरे काम आपल्या समाजाने विशेषत्वाने ओळखले पाहिजे, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पाण्याचे तंत्रज्ञान आपल्याला परके नाही. भिक्खूच्या अष्टपरिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्राबरोबर ‘परिस्सावन’ म्हणजे पाणी गाळण्याचे साधनही गणले आहे. सूक्ष्म जीवांची हिंसा टळावी, हा त्यामागील हेतू. सह्याद्रीतील लेण्यांकडे पाहा. कान्हेरीच्या डोंगरावर पडणारा पाऊस कातळात खोदलेल्या पन्हळींवाटे विहाराशेजारच्या टाक्यांत उतरतो. या टाक्यांना तेथील शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे आणि ती कोणी दान दिली याचीही नोंद कोरून ठेवली आहे. जुन्नरच्या लेण्यांतही असे लेख आढळतात. इतिहासाच्या विद्यार्थ्याला यात एक गोष्ट जाणवते. दात्यांनी टाके खोदले, आणि त्याबरोबर ते कोणासाठी आहे हेही सर्वांना दिसेल अशा ठिकाणी लिहिले.

पाण्याचा प्रश्न किती मूलगामी आहे, हे बाबासाहेबांनी ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दाखवले. सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे रूढ कारण त्यांनी स्वीकारले नाही. वृद्ध, रुग्ण आणि प्रेत यांच्या दर्शनाऐवजी त्यांनी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य व कोलिय यांच्यात झालेला कलह केंद्रस्थानी आणला. शाक्य संघापुढे युद्धाचा ठराव आला तेव्हा सिद्धार्थाने त्याला विरोध केला. दोन्ही बाजूंनी प्रत्येकी दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि त्या पाचांनी वाद मिटवावा, असे त्याने सुचवले. या सूचनेचा अर्थ आम्ही असा लावतो की, पाण्याचा तंटा बळाने सुटत नाही. दोन्ही पक्षांना मान्य होईल अशा तपासाने सुटतो. आणि तपास करायचा तर माप लागते. कोणाला किती पाणी मिळाले हेच ठाऊक नसेल, तर पाच माणसे बसवूनही ती कशाच्या आधारे निवाडा देणार?

महाडचा इतिहास या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखा आहे. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत झाला. सार्वजनिक पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात, असा त्याचा आशय होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. म्हणजे कागदावर पाणी मिळाले होते. तरीही २० मार्च १९२७ पर्यंत आपल्या माणसांच्या ओंजळीत त्या तळ्याचा एक थेंब पडला नव्हता. बाबासाहेब त्या दिवशी हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले, ते कागद आणि ओंजळ यांतील हे अंतर मोडण्यासाठी. त्यानंतर सनातन्यांनी १०८ घागरी ओतून तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले आणि ऑगस्ट १९२७ मध्ये नगरपालिकेने आपलाच ठराव मागे घेतला.

पुढची दहा वर्षे न्यायालयात गेली. त्या लढ्याची फारशी चर्चा होत नाही. तळे कोणाच्या मालकीचे, आणि अस्पृश्यांना मज्जाव करणारी रूढी खरोखरच अनादि काळापासूनची आहे काय, हे तिथे पुराव्याने ठरायचे होते. १९३७ च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अखेरचा निकाल दिला. तशी रूढी सिद्ध झालेली नाही, असे न्यायालयाने मान्य केले आणि तळ्याचा प्रश्न आपल्या बाजूने सुटला. सत्याग्रहाने पाण्याला हात लागला आणि पुराव्याने तो हात तिथे कायम राहिला. चळवळीच्या या दोन अंगांपैकी दुसऱ्याचा आपल्याला बराचसा विसर पडला आहे.

आता आजच्या काळाकडे येऊ. १५ ऑगस्ट २०१९ रोजी जलजीवन मिशनची घोषणा झाली. ग्रामीण भागातील प्रत्येक घरी नळ आणि माणशी दररोज किमान ५५ लिटर पाणी, हे त्याचे उद्दिष्ट. पाच माणसांच्या कुटुंबाला याप्रमाणे दिवसाला २७५ लिटर पाणी मिळायला हवे, म्हणजे १५ लिटरचे सुमारे अठरा हंडे. नळजोडणी झाली की नोंदवहीत घरापुढे खूण होते. पण तोटी बसली म्हणजे पाणी आले असे नाही, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. १९२४ मध्ये ठराव होता आणि पाणी नव्हते. आज काही वस्त्यांत नळ आहे आणि पाणी नाही. या दोन गोष्टी सारख्या नाहीत. तेव्हा आडवा येणारा माणूस होता, आज पुष्कळदा पाइपातील दाब आडवा येतो. परंतु जिच्यापर्यंत हा दाब पोहोचत नाही ती वस्ती गावाच्या कोणत्या टोकाला आहे, हेही पाहिले पाहिजे.

गावाची जलवाहिनी उंचावरील टाकीपासून निघते, प्रथम मुख्य वस्तीतून जाते आणि शेवटी गावकुसाबाहेरच्या घरांना पोहोचते. आपल्या वस्त्या बहुधा तिथेच आहेत. त्या तिथे का आहेत हे या अंकाच्या वाचकांना सांगण्याची गरज नाही. पाणी पाइपातून जसजसे पुढे जाते तसतसे घर्षणाने आणि वाटेतील नळांनी दाब कमी होतो. त्यातच कोणी नळाला थेट विजेची मोटर लावली तर पुढच्या घरांचे पाणी अक्षरशः ओढले जाते. एवढेच नव्हे, तर वाहिनीत पोकळी निर्माण होऊन फटींतून गटाराचे पाणीही आत शिरू शकते.

एक साधे गणित मांडू. पहिल्या घरी नळ मिनिटाला १५ लिटर देतो आणि शेवटच्या घरी ५ लिटर, असे समजा. पाणी अर्धा तास सुटते. पहिल्या घरी ४५० लिटर भरतील, शेवटच्या घरी १५०. घरात पाच माणसे असतील तर पहिल्या घरात माणशी ९० लिटर आणि शेवटच्या घरात माणशी ३०. आता टाकीजवळच्या मुख्य मीटरवरून सरासरी काढली तर ती ५५ च्या वर सहज दिसू शकेल आणि योजना यशस्वी ठरेल. सरासरी या शब्दात शेवटचे घर नाहीसे होते, म्हणून मोजमाप सुरू करायचे ते शेवटच्या घरापासून, असा आमचा आग्रह आहे.

यासाठी पहिले साधन प्रत्येकाच्या घरात आहे. १५ लिटरची बादली आणि हातातले घड्याळ. बादली किती सेकंदांत भरली आणि पाणी किती मिनिटे आले, या दोन आकड्यांतून त्या दिवशीचे पाणी काढता येते. पाचवीतील मूल हा गुणाकार करू शकते. दुसरे साधन म्हणजे घरचा मीटर. सामान्यतः त्यावरील काळे आकडे घनमीटर दाखवतात, म्हणजे १००० लिटरचा एकेक टप्पा, आणि लाल आकडे किंवा लाल काटे त्याखालचे अंश दाखवतात. मात्र एक सावधानी हवी. जिथे पाणी तासाभरापुरतेच येते तिथे रिकाम्या वाहिनीतील हवा पाण्याच्या आधी बाहेर पडते, आणि चक्र फिरवणारा जुना मीटर त्या हवेनेही फिरतो. शेवटच्या घराला हवेचेही बिल येऊ शकते. ध्वनिलहरींवर चालणाऱ्या मीटरमध्ये फिरणारे चक्र नसते, त्यामुळे हा दोष त्यात बराच टळतो. मीटर बसवण्याचा ठराव ग्रामसभेपुढे आला तर कोणता मीटर, असा प्रश्न विचारायचा तो यासाठी.

तिसरे साधन सेन्सरचे. प्रवाह, दाब, टाकीतील पातळी आणि पाण्यातील क्लोरिन यांची नोंद घेऊन ती मोबाइलच्या जाळ्यातून पाठवणारी उपकरणे महाराष्ट्रासह काही राज्यांतील निवडक गावांत प्रायोगिक तत्त्वावर बसवली गेली. अशी उपकरणे पुढेही येतील. ती उंच टाकीपाशीच बसवली तर किती पाणी निघाले ते कळेल. वाहिनीच्या टोकाला बसवली तर किती पोहोचले ते कळेल. शुद्धतेच्या बाबतीत हे तत्त्व शासनाने पूर्वीच स्वीकारले आहे. ग्राहकाच्या नळाशी क्लोरिनचे प्रमाण लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरले पाहिजे, असा निकष आहे, आणि जलसुरक्षक ओ. टी. चाचणी करतो तेव्हा शेवटच्या टोकाच्या नळाचाही नमुना घेणे अपेक्षित असते. जे शुद्धतेला लागू आहे ते पुरवठ्याला का लागू होऊ नये?

इथवर हक्काविषयी लिहिले. परंतु हिशेब मागणाऱ्याने आपला हिशेबही दिला पाहिजे. आपल्यातील पुष्कळ कुटुंबे आता शहरांत पक्क्या घरांत राहतात. गच्चीवर टाकी आहे, स्नानगृहात शॉवर आहे, स्वयंपाकघरात पाणी शुद्ध करणारे यंत्र आहे. आपण आता पहिल्या नळावर आलो आहोत, आणि पहिल्या नळावरच्या माणसाची जबाबदारी मोठी असते. गच्चीवरून वाहून जाणारे पाणी कोणाच्या तरी हंड्यातून गेलेले असते.

म्हणून घरातील मोजणीचे काही सोपे नियम सांगतो. रात्री सर्वजण झोपण्यापूर्वी मीटरचा आकडा लिहून ठेवावा आणि पहाटे नळ उघडण्यापूर्वी पुन्हा पाहावा. वरच्या टाकीचे पाणी भरणे त्या वेळात बंद असेल आणि तरीही आकडा सरकला असेल, तर मीटरपासून टाकीपर्यंत कुठेतरी गळती आहे. तसाच टाकीतील पातळीवर खडूने खूण करावी. ती रात्रीत उतरली तर घरातील नळ किंवा शौचकूपाची टाकी गळत आहे. गळणाऱ्या तोटीखाली पाव तास भांडे ठेवावे. त्यात १०० मिलिलिटर पाणी जमले तर दिवसाला साडेनऊ लिटरांहून अधिक आणि वर्षाला सुमारे साडेतीन हजार लिटर पाणी गेले, असा हिशेब होतो. दुरुस्तीला बहुधा एक वॉशर पुरतो. जुनी फ्लशची टाकी एका वेळी दहा लिटर वा त्याहून अधिक पाणी सोडते. दोन बटणांची नवी टाकी तीन आणि सहा लिटरांत काम भागवते. घरगुती आरओ यंत्र एक लिटर शुद्ध पाण्यामागे तीन लिटरांपर्यंत पाणी बाहेर टाकू शकते. ते पाणी फरशी पुसण्यास वापरता येते. मुळात आपल्या पाण्यात क्षारच कमी असतील तर ते यंत्र हवे काय, हेही पाणी तपासून ठरवावे. नळाला एरेटरची जाळी बसवली की हवा मिसळल्याने कमी पाण्यात धार भरघोस वाटते. बंगळुरूच्या जलमंडळाने २०२४ च्या टंचाईत व्यावसायिक आस्थापनांना ती सक्तीची केली होती.

आणि छप्पर विसरू नये. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. १०० चौरस मीटर छपरावर हंगामात ६०० मिलिमीटर पाऊस पडला तर ६० हजार लिटर. त्यातील पाचवा भाग वाया गेला असे धरले तरी ४८ हजार लिटर हाती उरतात. कान्हेरीच्या भिक्खूंना हे गणित मांडता येत होते की नाही ते आम्ही सांगू शकत नाही, पण त्यांच्या टाक्या भरत होत्या.

आमच्या वसतिगृहातील एक प्रसंग इथे नोंदवतो. विज्ञान प्रदर्शनासाठी मुलांनी वरच्या टाकीला पातळीदर्शक बसवला. कमी-अधिक खोलीवर सोडलेल्या तीन तारा, ट्रान्झिस्टर, तीन रंगांचे दिवे आणि टाकी भरली की वाजणारी घंटी, एवढाच तो खटाटोप. टाकी भरून वाहणे त्यामुळे थांबले आणि आम्ही समाधानी झालो. परंतु मुलांनी रात्री बारालाही दिवे पाहिले, पहाटे चारलाही पाहिले. हिरवा दिवा विझून पिवळ्यावर आला होता. त्यांतील एकाने सकाळी आम्हाला विचारले, “सर, आम्ही सगळे झोपलो होतो, मग पाणी वापरलं कोणी?” शोध घेता मुलींच्या विभागाकडे जाणारा पाइप जमिनीखाली फुटलेला सापडला. त्या बाजूला पाणी कमी येते, ही तक्रार मुली कित्येक महिने करीत होत्या. ‘मुली पाणी जास्त वापरतात’ असे उत्तर आम्हीच त्यांना दिले होते. आमच्याजवळ त्या उत्तराला कोणताही आधार नव्हता. होता तो केवळ समज. मोजल्यावाचून दिलेला निर्णय कोणावर अन्याय करतो, हे त्या दिवशी आमच्या विद्यार्थ्यांनी आम्हाला शिकवले. महाडचा धडा दरवर्षी वर्गात शिकवणाऱ्यांना ते शिकावे लागले, ही कबुली इथे दिलीच पाहिजे.

यावर एक आक्षेप येतो आणि तो आम्ही गंभीरपणे घेतो. ‘ज्यांना पाणीच मिळत नाही त्यांच्या दारात मीटर लावून काय साधणार? उद्या हाच मीटर आमचे पाणी तोडेल.’ ही भीती निराधार नाही. दक्षिण आफ्रिकेत जोहान्सबर्गच्या सोवेटो भागात फिरी नावाची कृष्णवर्णीयांची गरीब वस्ती आहे. जुन्या वाहिन्यांतून फार पाणी गळते, या कारणास्तव तिथे एक मोहीम राबवण्यात आली. मोहिमेच्या झुलू नावाचा अर्थच ‘पाणी वाचवा’ असा होता. घरोघरी आगाऊ पैसे भरण्याचे मीटर बसवले गेले. महिन्याला एका जोडणीमागे सहा हजार लिटर मोफत. ते संपले की पैसे भरेपर्यंत नळ आपोआप बंद. त्याच शहराच्या सधन उपनगरांत मात्र आधी वापर आणि नंतर बिल, अशी पद्धत होती. रहिवासी न्यायालयात गेले. २००८ मध्ये उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, परंतु २००९ मध्ये तेथील संविधान न्यायालयाने महापालिकेचे धोरण वैध ठरवले. वर्णभेदाचा कायदा संपलेल्या देशात, पाणी वाचवण्याच्या नावाखाली, एका वस्तीच्या नळावर कुलूप आले. कुलूप लावण्यास कोणी माणूस यावा लागला नाही. ते यंत्रातच होते.

याउलट सातारा जिल्ह्यातील कराडजवळच्या मलकापूरचे उदाहरण आहे. तिथे चोवीस तास पाणी, प्रत्येक जोडणीस दूरून वाचता येणारा मीटर आणि वापर वाढेल तसा वाढणारा दर, अशी व्यवस्था उभी राहिली. पाणी केव्हाही येते अशी खात्री असली की माणसे पिंपे भरून ठेवत नाहीत आणि दुसऱ्या दिवशी ‘शिळे’ म्हणून ओतूनही देत नाहीत. हिवरे बाजारचा अनुभव शेतीच्या पाण्याचा असला तरी इथे उपयोगी आहे. तेथील गावकरी पावसाची नोंद घेऊन दरवर्षी पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि पिण्याच्या पाण्याची तरतूद आधी करून मगच पिके ठरवतात. यंत्र सोवेटोतही होते आणि मलकापूरमध्येही. फरक पडतो तो, आधी खात्रीचे पाणी दिले की आधी बंदी आणली, आणि आकडा कोणाच्या हाती राहिला, यांमुळे.

म्हणूनच आकड्याच्या मालकीचा प्रश्न आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. नोंद केवळ कार्यालयातील संगणकावर किंवा एखाद्याच्या मोबाइलमध्ये राहिली, तर ती त्या तळ्याच्या ठरावासारखीच कागदावर राहील. ती विहाराच्या फलकावर आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर खडूने लिहिली गेली पाहिजे: आज पहिल्या नळाला किती, शेवटच्या नळाला किती. घरात पाणी भरणाऱ्या स्त्रियांना ही नोंद वाचता आणि तपासता आली पाहिजे. कारण आजवर हा मीटर त्यांच्या खांद्या-कमरेवर होता. महात्मा फुल्यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. आजच्या काळात हौदाबरोबर त्याची नोंदवहीही खुली करावी लागेल.

बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दामोदर खोरे आणि महानदी यांच्या योजनांचा पाया घातला. १९४५ च्या कटक परिषदेत त्यांनी बजावले होते की, माणसाला पाण्याच्या विपुलतेपेक्षा त्याच्या अभावाचा त्रास अधिक होतो; म्हणून पाणी साठवले पाहिजे. महाडला ओंजळ भरणारा नेता आणि नद्यांच्या खोऱ्यांचे नियोजन करणारा मंत्री एकच होता, हे आपण लक्षात ठेवावे. तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवणे हा त्यांचा मार्ग नव्हता, आणि तंत्रज्ञान आले म्हणजे समता आली, असा भाबडेपणाही त्यांच्यात नव्हता.

या अंकाच्या निमित्ताने आम्ही तीन सूचना मांडतो. पहिली संस्थेला. वसतिगृहाच्या प्रत्येक विभागास स्वतंत्र मीटर बसवावा आणि त्याचे रोजचे वाचन विद्यार्थ्यांनी आळीपाळीने करून दर्शनी फलकावर लिहावे. गणित, विज्ञान आणि नागरिकशास्त्र असे तिन्ही विषय त्यात येतात. दुसरी माजी विद्यार्थ्यांना. आपापल्या तुकडीतर्फे देणगी देताना एखादी कोनशिला कमी करून एक मीटर अधिक द्यावा. आणि आपल्या शहरातील घरात रात्रीची मोजणी एकदा तरी करून पाहावी. तिसरी पालकांना आणि गावोगावच्या उपासक-उपासिकांना. सलग तीस दिवस, वस्तीतील शेवटच्या नळावर बादली आणि घड्याळ घेऊन नोंद करावी. तारीख, पाणी येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि बादली भरण्यास लागलेले सेकंद, असे चार रकाने पुरेत. खाली पाच घरांच्या सह्या घ्याव्यात आणि ती वही ग्रामसभेत ठेवावी. ‘आमच्याकडे पाणी येत नाही’ या वाक्याला आजवर ‘येते की’ असे उत्तर मिळत आले आहे. तीस दिवसांच्या नोंदीला तसे उत्तर देणे कठीण जाते.

उन्हाळी सुट्टीत मुले घरी जातील तेव्हा प्रत्येकाच्या दप्तरात अशी एक कोरी वही द्यावी, असा आमचा मानस आहे. जून महिन्यात शाळा उघडेल त्या दिवशी त्या वह्या आम्ही तपासू. त्यात शुद्धलेखनाचे गुण नसतील; रकाने भरले की नाहीत, एवढेच पाहिले जाईल.

जय भीम.